जर्नल आधी, पेपर नंतर: ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं काम नेमकं कुठे पाठवायचं?

पीएचडीचा विद्यार्थी पेपरचा मसुदा घेऊन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठे पाठवायचाय?" उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, "मॅडम, आधी लिहून काढलाय, आता जर्नल बघू." मग तोच मसुदा तीन-चारदा उलटापालटा होतो. एका जर्नलला प्रयोगांची कृती मुख्य लेखात हवी असते, दुसऱ्याला ती एसआयमध्ये, म्हणजे लेखासोबतच्या पूरक माहितीत. एकाला प्रत्येक नव्या संयुगाचा कार्बन एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) लागतो आणि आपल्याकडे निम्म्यांचाच असतो. नमुने तर केव्हाच संपलेले असतात. या धावपळीत सहा महिने जाताना मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

सध्या माझ्या टेबलावर दोन मसुदे आहेत. तुलना त्यांच्याच आधाराने करते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

पहिला बिगिनेली अभिक्रियेचा. ॲल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया एकाच भांड्यात, नवा घन उत्प्रेरक, १८ डायहायड्रोपिरिमिडिनोन, उत्प्रेरक गाळून पाच वेळा पुन्हा वापरलेला. दुसरा क्विनाझोलिनोन या वलयी संयुगावरचा. पॅलेडियम वापरून सी-एच बंधाच्या जागी थेट नवा गट बसवला आहे. २४ उदाहरणं, एक क्रिस्टल स्ट्रक्चर आणि मेकॅनिझम (अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते ते) तपासणारे चार प्रयोग आहेत. दोन्ही विद्यार्थ्यांनी सारखेच कष्ट घेतले आहेत. पण दोन्ही पेपर एकाच दारात नेले तर एकावर तरी अन्याय होईल.

पहिली वाट: जेओसी किंवा ऑरगॅनिक लेटर्स

जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री (जेओसी) १९३६पासून निघतं, ऑरगॅनिक लेटर्स १९९९पासून. दोन्ही अमेरिकन केमिकल सोसायटीची (एसीएस) आणि दोन्ही वर्गणीवर चालणारी. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने छापायला लेखकाला पैसे पडत नाहीत.

एकाच घरची असली तरी दोघांचा स्वभाव वेगळा आहे. ऑरगॅनिक लेटर्सला छोटा, नेमका, एकाच मुद्द्याभोवती फिरणारा लेख लागतो आणि सगळी प्रयोगकृती एसआयमध्ये जाते. जेओसीत सविस्तर लेख किंवा नोट लिहिता येते आणि प्रयोगविभाग मुख्य लेखातच असतो. मसुदा बांधण्याआधी एवढं कळलं तरी अर्धं काम वाचतं. लेटरसाठी लिहिलेला मजकूर जेओसीसाठी ताणला की तो पाणी घातलेल्या आमटीसारखा होतो. उलट सविस्तर लेख कापून लेटर केला की नेमके मेकॅनिझमचे प्रयोगच बाहेर पडतात.

या वाटेचा खरा उंबरठा म्हणजे डेटा. प्रत्येक नव्या संयुगाच्या प्रोटॉन आणि कार्बन एनएमआरच्या प्रती एसआयमध्ये द्याव्या लागतात. त्यावरून रिव्ह्यूअर नमुन्याची शुद्धता जोखतो: बेसलाइन बघतो, एथिल ॲसिटेट या द्रावकाचं शिखर राहिलंय का बघतो, शुद्धीकरणाचा कॉलम नीट केला होता की नाही हे त्याला एका नजरेत समजतं. एचआरएमएसमध्ये (रेणूचं अचूक वस्तुमान मोजणाऱ्या चाचणीत) मोजलेलं मूल्य गणिती मूल्याच्या ०.००३ एककाच्या आत हवं, हे हजारपेक्षा कमी रेणुभाराच्या संयुगांसाठी. एलिमेंटल ॲनालिसिस (मूलद्रव्यांचं प्रमाण) दिलं तर फरक ०.४ टक्क्याच्या आत.

इथे एक चूक मला वर्षानुवर्षं दिसते. बेंझाल्डिहाइडपासून मिळणाऱ्या साध्या बिगिनेली संयुगाचं सूत्र सी१४ एच१६ एन२ ओ३. त्याच्या प्रोटॉन जोडलेल्या आयनाचं बरोबर मूल्य २६१.१२३४ येतं. पण अनेक तक्त्यांत २६१.१२३९ लिहिलेलं असतं, कारण प्रोटॉनऐवजी अख्खा हायड्रोजन अणू मिळवलेला असतो आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान वजा करायचं राहिलेलं असतं. फरक मर्यादेत बसतो, त्यामुळे पेपर परत येत नाही. पण जाणत्या रिव्ह्यूअरच्या मनात पहिली शंका इथेच येते आणि पुढचा सगळा तक्ता तो त्याच नजरेने वाचतो.

आता माझं मत. बिगिनेलीचा पेपर इथे पाठवू नका. ही अभिक्रिया १८९१पासून माहीत आहे आणि तिच्यासाठी इतके उत्प्रेरक छापून आलेत की आणखी एका उत्प्रेरकात रसायनशास्त्राला नवं काय मिळालं, हा प्रश्न एडिटर पहिल्या परिच्छेदालाच विचारणार. पेपर रिव्ह्यूअरपर्यंत न जाताच परत येईल. क्विनाझोलिनोनचा पेपर मात्र जेओसीला नक्की शोभेल. ऑरगॅनिक लेटर्सचाही मोह होतो, पण या कामाचा जीव मेकॅनिझमच्या चार प्रयोगांत आहे आणि त्यांना ऐसपैस जागा हवी.

दुसरी वाट: आरएससी ॲडव्हान्सेस किंवा एसीएस ओमेगा

दोन्ही पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारी, दोन्हींचा आवाका सगळ्या रसायनशास्त्राचा. आरएससी ॲडव्हान्सेस २०११मध्ये वर्गणीवर सुरू झालं आणि जानेवारी २०१७पासून खुलं झालं. एसीएस ओमेगा २०१६मध्ये जन्मलं तेच खुलं. ओमेगाच्या पहिल्या चार संपादकांत आयसर पुण्याचे संस्थापक संचालक कृष्णा गणेश होते, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते. अशा जर्नलला "पैसे देऊन छापतात" म्हणून नाक मुरडणारे अजून भेटतात. ते चूक आहेत. इथे खरं परीक्षण होतं. फरक एवढाच, की काम बरोबर आहे का आणि उपयोगी भर घालतं का हे पाहिलं जातं, ते खळबळजनक आहे का यावर भर नसतो. बिगिनेलीच्या पेपरला हा निकष जास्त न्याय्य आहे.

पण "सोपं" समजून जाऊ नका. २०२१च्या सुरुवातीला रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने (आरएससी) सत्तरच्या आसपास पेपर मागे घेतले, त्यांतले बहुतेक आरएससी ॲडव्हान्सेसमधले. विकत लिहून देणाऱ्या कारखान्यांचा तो माल होता. अशा प्रकरणांनंतर मूळ डेटा मागितला जाणं नवलाचं राहिलेलं नाही. एनएमआरच्या एफआयडी (कच्च्या) फाइली, एक्सआरडीचे (क्ष-किरण विवर्तनाचे) कच्चे आकडे, सेमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) मूळ प्रतिमा पहिल्या दिवसापासून नावं घालून एका फोल्डरमध्ये ठेवा. घन उत्प्रेरकाचं काम असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. पाच वेळा पुन्हा वापरलेल्या उत्प्रेरकाचा नंतरचा एक्सआरडी नसेल, किंवा मिश्रण गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढून अभिक्रिया पुढे चालते का हे पाहिलं नसेल, तर "पुन्हा वापरता येतो" हे वाक्य रिव्ह्यूअर खोडायला लावेल. आणि त्याचं बरोबरच असेल.

आरएससीची एक गोष्ट मला मनापासून आवडते. पहिल्यांदा सबमिट करताना त्यांचा ठरावीक साचा वापरण्याची सक्ती नसते. नीट वाचता येईल अशी फाइल पुरते, सजावट नंतर. पहिलाच पेपर लिहिणाऱ्याला ही फार मोठी सवलत आहे.

आता पैसा. ही वाट एपीसीची, म्हणजे लेखकाने भरायच्या छपाईशुल्काची. दोन्हीकडचा आकडा आज भारतीय रुपयांत लाखाच्या घरात किंवा वर जातो. यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे तीन महिन्यांची फेलोशिप गेली. अनेक प्रकाशक गरीब देशांना शुल्कमाफी देतात, पण त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिसर्चफॉरलाइफच्या यादीत भारत बसत नाही. त्यामुळे "माफी मागून बघू" या भरवशावर सबमिट करू नका. गाईडच्या प्रकल्पात छपाईसाठी तरतूद आहे का, संस्थेचा प्रकाशकाशी करार आहे का, हे सबमिट करण्याआधी लेखी विचारा. स्वीकृतीचं पत्र हातात आणि पैसे नाहीत, ही स्थिती मी एका विद्यार्थिनीची पाहिली आहे. तिने शेवटी घरून पैसे आणले. असं कोणावरही येऊ नये.

तिसरी वाट: दोन्हीकडे फुकट

लिहिणाऱ्यालाही पैसे नाहीत आणि वाचणाऱ्यालाही नाहीत. या वाटेची आपल्याकडे उगाच उपेक्षा होते.

बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस हे त्यातलं पहिलं नाव. सी. व्ही. रामन यांनी १९३४मध्ये अकॅडमी स्थापन केली आणि तिच्या प्रोसीडिंग्जमधूनच पुढे हे जर्नल आलं. आज ते स्प्रिंगरबरोबर निघतं, तरी अकॅडमीच्या संकेतस्थळावर लेख वाचता येतात. दुसरं फ्रँकफर्टच्या बाइलस्टाइन संस्थेचं, बाइलस्टाइन जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री, २००५पासून. त्याचा सगळा खर्च ती संस्थाच उचलते.

पण फुकट म्हणजे दोन्ही सारखी, असं समजू नका. बाइलस्टाइन निवडक आहे, त्याची अपेक्षा जेओसीच्या जवळची. बिगिनेलीचा पेपर तिथेही अवघडच. क्विनाझोलिनोनसाठी मात्र ते जेओसीनंतरचं माझं दुसरं नाव, ओमेगाच्याही आधी. जर्नल ऑफ केमिकल सायन्सेसमध्ये बिगिनेलीच्या कामाला सन्मानाची जागा मिळू शकते, उत्प्रेरकाची ओळख पक्की असेल आणि आधीच्या उत्प्रेरकांशी प्रामाणिक तुलना असेल तर. प्रामाणिक म्हणजे आपल्यापेक्षा कमी वेळात जास्त यील्ड देणारे उत्प्रेरकही तक्त्यात घ्यायचे. ते लपवले तर रिव्ह्यूअरला सापडतातच, बऱ्याचदा ते त्याचेच असतात.

या वाटेवर काय गमावतो? वेळ. माझ्या अनुभवात इथे उत्तर यायला जास्त दिवस लागतात. आणि नेमणुकीच्या मुलाखतीत इम्पॅक्ट फॅक्टरचा (जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात याचा) आकडा विचारणारे बसलेले असतील, तर तिथे हा आकडा लहान दिसतो.

वाचणार कोण?

ओपन ॲक्सेसच्या बाजूने एक मुद्दा नेहमी यायचा: आपल्याच देशातले लोक आपला पेपर वाचू शकत नाहीत. १ जानेवारी २०२५पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारची एकत्र वर्गणीची योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था त्यात आल्या. त्यामुळे निदान या संस्थांपुरता तो मुद्दा बराच सौम्य झाला आहे. केवळ "भारतात वाचला जावा" म्हणून लाख रुपये भरणार असाल, तर पुन्हा विचार करा.

शिवाय केमआर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं (छापण्याआधीच्या मसुद्यांचं) संकेतस्थळ आहेच, २०१७पासून. सबमिट करतानाच मसुदा तिथे टाकला तर तारीख नोंदली जाते आणि कोणालाही तो फुकट वाचता येतो. क्विनाझोलिनोनच्या कामात स्पर्धा आहे, म्हणून तो आम्ही टाकणार आहोत. मात्र पेटंटचा विचार असेल तर आधी पेटंट, मग प्रीप्रिंट. हा क्रम उलटा झाला तर नंतर दुरुस्त करता येत नाही.

घाईबद्दलही बोलायला हवं. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली. तरीही विभाग आणि गाईड अपेक्षा ठेवतात, आणि योग्यच आहे. पण "काहीही करून एक पेपर" ही निकड कायद्याने उरलेली नाही. दुसरीकडे, मान्य जर्नल्सची यूजीसी केअर यादी २०२५मध्ये बंद झाली. जर्नल खरं की खोटं हे यादीत बोट फिरवून कळायचं, ती सोय संपली. आता संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, गेल्या वर्षीचे लेख वाचण्यासारखे आहेत का, हे स्वतः पाहायला हवं. आठवड्यात स्वीकृतीचं आश्वासन देणारी ईमेल आली की ती पुसून टाका.

नकार आला तर

निवड करताना हेही आत्ताच ठरवून ठेवा. जेओसीने नकार दिला की मसुदा ओमेगाकडे वळवायची सोय समोर ठेवली जाते. एक बटण दाबलं की फाइली पुढे जातात. मन खट्टू झालेलं असतं, बटण सोपं असतं, आणि एपीसीचा विचार नंतर येतो. म्हणून आम्ही मसुद्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलने क्रम लिहितो. क्विनाझोलिनोनसाठी: जेओसी, मग बाइलस्टाइन, आणि प्रकल्पात पैसे शिल्लक असतील तरच ओमेगा. बिगिनेलीसाठी: जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस, मग आरएससी ॲडव्हान्सेस.

बिगिनेलीच्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मित्राचा जेओसीला, आपला इथे. त्याला मी तक्ता उघडायला लावला. १८पैकी १६ संयुगं आधीच ज्ञात आहेत, त्यांना वितळणबिंदू आणि प्रोटॉन एनएमआर जुळवून दाखवला की पुरतं. नवी दोनच, आणि नेमके त्याच दोघांचे कार्बन स्पेक्ट्रा गोंगाटाने भरलेले होते. ती दोन्ही त्याने पुन्हा बनवली, इथेनॉलमधून दोनदा स्फटिकीकरण केलं आणि वापरलेल्या उत्प्रेरकाचा एक्सआरडीही काढून घेतला. दोन्ही नमुने गेल्या सोमवारी चंदीगडच्या सैफ या उपकरण केंद्राला गेले. स्पेक्ट्रा आले की कव्हर लेटर लिहायला बसणार आहोत.