ब्रँडेड की असेंबल्ड: दोन भाग विचारा, मग पैसे द्या

डेस्कटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तीन प्रश्न विचारतं: आय५ आहे का, रॅम किती, एसएसडी किती. विकणाऱ्याला हे प्रश्न पाठ असतात, त्यामुळे या तिन्हींची उत्तरं बहुधा चोख मिळतात. काटछाट होते ती मदरबोर्डात (सगळे भाग जिच्यावर जोडतात ती पाटी) आणि एसएमपीएसमध्ये (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), कारण तिकडे कोणी बघत नाही. डेल, एचपी, लेनोवोचा सीलबंद टॉवर घ्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत भाग जुळवून घ्या, पाचव्या वर्षी मशीन कुठल्या अवस्थेत असेल हे याच दोन भागांवर ठरतं. म्हणून इथे दोन्ही पर्याय त्याच बाजूने तपासले आहेत. नजरेसमोर धरलेलं मशीन असं: सहा कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी. मॉनिटर, कीबोर्ड वेगळे.

सीलबंद टॉवर

डेलचे ऑप्टिप्लेक्स (२०२५ पासून नाव डेल प्रो), एचपीचे प्रो टॉवर, लेनोवोचे थिंकसेंटर यांचं आतलं माप बहुतेक वेळा कंपनीचं स्वतःचं असतं. एसएमपीएस साधारण १८० ते ३०० वॉटचा. आकडा लहान वाटतो, पण तो खरा असतो आणि प्रोसेसर, रॅम, एक-दोन डिस्क यांना पुरून उरतो. अडचण वॉरंटी संपल्यावर सुरू होते. अशा बऱ्याच मॉडेलांच्या बोर्डावर बाजारात मिळणारा २४ पिनांचा जोड बसत नाही. कंपनीचा वेगळाच छोटा जोड असतो, आणि डिस्कची वीजही कधीकधी बोर्डावरूनच घेतलेली असते. एसएमपीएस गेला तर चौकातल्या दुकानातला भाग चालत नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. बोर्ड गेला तर कॅबिनेटही बहुधा निकामी, कारण बाजारातला बोर्ड त्या भोकांवर बसेलच असं नाही.

‘ग्राफिक्स कार्ड नंतर टाकू’ हा बेत असेल तर इथेच थांबलेलं बरं. बोर्डावरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्यापुढची वीज एसएमपीएसच्या वेगळ्या केबलने द्यावी लागते, आणि या टॉवरांत ती केबल सहसा नसते. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॉटमध्ये भागवतं, त्यामुळे ते चालतं. मात्र कॅबिनेट सडपातळ असेल तर त्याचीच कमी उंचीची आवृत्ती हवी. नाव तेच असलेलं ८ जीबीचं कार्ड १३० वॉट मागतं, तिथे डाळ शिजत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ आणि ५०६० ला १४५ वॉट लागतात, म्हणजे तो विषयच संपला.

मग या टॉवरात पैसे कशाचे मोजायचे? माणूस घरी येण्याचे. ऑफिससाठीच्या मालिकांत तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी मिळते किंवा जादा पैसे भरून घेता येते: फोनवर तपासणी होते आणि बदलीचा भाग घेऊन तंत्रज्ञ दारात येतो. घरगुती मालिकांत हे बहुधा एकाच वर्षापुरतं असतं. सीएच्या ऑफिसात रिटर्न भरण्याच्या आठवड्यात मशीन बंद पडलं, तर ही सोय सगळी किंमत वसूल करून देते. तालुक्याच्या गावात असाल तर आपल्या पिनकोडवर ऑनसाइट सेवा आहे का, हे कंपनीला विचारा. दुकानदाराचं ‘येतो हो माणूस’ इथे ग्राह्य धरू नका. आणि मशीन घेतल्या दिवशीच सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. गोदामात पडून राहिलेल्या मालाची तारीख मागची निघू शकते. तसं असेल तर बिल दाखवून ती दुरुस्त करून घ्या.

आणखी एक खोट: ८ किंवा १६ जीबीची एकच पट्टी टाकून मशीन विकतात. एका पट्टीने रॅम एकाच चॅनेलवर चालते. एक्सेल, टॅलीला ते जाणवणार नाही, पण प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरून गेम किंवा व्हिडिओचं काम करायचं असेल तर वेग चांगलाच पडतो. दुसऱ्या स्लॉटात तशीच पट्टी टाका, काम झालं. पट्टी घालण्यासाठी झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, एवढं आधी विचारा.

असेंबल्ड: कोटेशन कसं वाचायचं

नेहमीचं कोटेशन असं असतं: ‘आय५ बारावी पिढी, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एनव्हीएमई, गेमिंग कॅबिनेट विथ एसएमपीएस.’ या एका ओळीत पाच ठिकाणी पळवाट आहे.

आय५ बारावी पिढी म्हणजे नेमका कुठला? १२४०० आणि १२४००एफ यांतला एफ महत्त्वाचा. एफवाल्यात ग्राफिक्स नसतात. कार्ड न घेता तो बसवला तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच दिसत नाही आणि माणूस बोर्ड खराब आहे म्हणून वाद घालत बसतो. एएमडीत रायझन ५ ५६०० ला ग्राफिक्स नाहीत, ५६००जी ला आहेत. पण कार्ड घेणारच असाल तर जी घेऊ नका: त्यात एल३ कॅश (प्रोसेसरची आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई (कार्ड, एसएसडी यांना जोडणारी वाट) चौथ्या ऐवजी तिसऱ्या पिढीचं. प्रोसेसर ‘ट्रे’ (डब्याविना सुटा) आहे की डब्यातला, हेही लिहून घ्या. डब्यातल्याला इंटेल आणि एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेच्या मालाचा वाली विकणाराच.

एच६१० हे फक्त चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरच्या नियंत्रक चिपचं, नाव आहे. या बोर्डांवर रॅमचे दोनच स्लॉट, एम.२ चा (एनव्हीएमई एसएसडीचा) बहुधा एकच आणि तोही तिसऱ्या पिढीच्या वेगाचा. ऑफिसला चालेल. पुढे वाढवायचं असेल तर बी७६० घ्या आणि मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या, कारण त्याच नावाखाली डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन आवृत्त्या असतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. इंटेलच्या या बोर्डांवरचा सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) चौदाव्या पिढीनंतर बंद झाला. एएमडीचा एएम४ सॉकेटही आता उतरणीला लागला आहे. पाच वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नवा प्रोसेसर बसवायची इच्छा असेल तर आज एएम५ हाच सरळ पर्याय. सध्या तो महाग पडतो हे खरं.

आता ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. असेंबल्ड मशीन बदनाम झालं ते या तीन शब्दांमुळे. लेबलवर ठळक ४५० वॉट छापलेलं असतं, पण खालचा तक्ता वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. त्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२ ही खरी ताकद. तिथे १५ अँपिअर असतील तर तो १८० वॉटचा एसएमपीएस आहे, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ च्या आसपास असतो. स्वस्त मालात केबल बारीक, संरक्षण अपुरं, आणि जाताना तो एकटा जात नाही: बोर्ड आणि एसएसडीला घेऊन जातो. कार्ड नसलेल्या मशीनला नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) पुरे. ४०६० किंवा ५०६० साठी एनव्हीडिया ५५० वॉटची शिफारस करते. वॉरंटी पाच वर्षांची बघा. बजेट ताणलं गेलं तर काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट सोडा. इथे हात आखडू नका.

एसएसडीचं मॉडेलही लिहून घ्या. नुसतं ‘५१२ एनव्हीएमई’ म्हणजे त्या दिवशी दुकानात जे पडलं असेल ते. बिल पक्कं हवं, जीएसटीसह, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असलेलं. बिनबिलाचे अठरा टक्के वाचवणारा माणूस वॉरंटी तिथेच काउंटरवर ठेवून येतो. डबे तीन वर्षं माळ्यावर ठेवा.

असेंबल्डची खरी किंमत वॉरंटीत मोजावी लागते. सहा भाग, सहा कंपन्या, सहा सर्व्हिस सेंटर. मशीन बंद पडल्यावर दोष कोणात आहे हे आधी तुम्हीच शोधायचं, मग तो भाग काढून न्यायचा आणि परत येईपर्यंत मशीनविना राहायचं. कोकणात, गोव्यात आणखी एक कलम लक्षात ठेवा: गंज आणि सॉकेटच्या वाकलेल्या पिना ही वॉरंटी नाकारण्याची हमखास कारणं आहेत. मशीन खिडकीशी ठेवू नका आणि बोर्डासोबत आलेली सॉकेटची प्लास्टिक टोपी फेकू नका. बोर्ड परत पाठवताना ती लागतेच.

जुळवताना कुठे अडतं

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी त्याच्याच डब्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम लावा आणि एकदा चालू करून बघा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा; तो आपल्या वजनाने बसला पाहिजे, दाबायचा नाही. इंटेलच्या कूलरला चार खुंट्या असतात, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा आणि चारही बोर्डाच्या मागून बाहेर आल्यात का ते पाहा. एक जरी अर्धवट राहिली तर प्रोसेसर तापून वेग कमी करतो. या कूलरला पेस्ट लावलेलीच येते, वरून आणखी लावू नका. एएम४ चा कूलर काढताना मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग हलकेच पिळून काढा. थंड असताना ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. दोन्ही टोकांना ‘टक’ आवाज यायला हवा. चित्र न येण्याच्या तक्रारींत अर्धवट बसलेली रॅम नेहमी पुढे असते. त्याखालोखाल प्रोसेसरच्या वीजकेबलचा विसर. ती ४+४ पिनांची, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. ६+२ वाली कार्डाची, ती तिथे जबरदस्तीने घालू नका. कॅबिनेटमधल्या पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांइतक्याच ठेवा, एखादी जास्तीची राहिली तर मागून शॉर्ट होतो. कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डात.

डीडीआर५ चं मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, ते रॅम जोखत असतं. घाबरून बटण बंद करू नका. चित्र आल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारी सोय) चालू करा. हे दुकानदारही विसरतात, आणि ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २६६६ वर धावत राहते.

दुकानात जुळवून घेतलं तरी पैसे देण्याआधी अर्धा तास काढा. सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसर आणि बोर्डाचं नाव कोटेशनशी ताडा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास वापरली आहे ते बघा. नव्या डिस्कवर मोठा आकडा दिसला तर ती नवी नाही. घरी आल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी रात्रभर लावून द्या.

विंडोज आणि रॅमचे भाव

‘विंडोज टाकून देतो’ याचा अर्थ बहुधा चोरीची. ती चालू ठेवणारी खटपटी साधनं डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करायला लावतात. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे हे परवडणारं नाही. खरा सुट्टा परवाना घ्यायचा तर खर्च जवळजवळ प्रोसेसरच्या किमतीला जाऊन पोचतो, आणि ब्रँडेड टॉवरात बहुधा तो आतच असतो. तुलना करताना हा आकडा असेंबल्डच्या बाजूला मिळवा. लिनक्सवर काम भागत असेल तर अर्थात प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. सुट्टी रॅम महागली की जुन्या भावाने साठा केलेला ब्रँडेड टॉवर त्याच ताकदीच्या असेंबल्डपेक्षा स्वस्त पडू शकतो. म्हणून साध्या ऑफिस मशीनसाठी आधी टॉवरचा भाव काढा, मग कोटेशन मागा. कोटेशन किती दिवस लागू आहे हेही त्यावर लिहून घ्या.

सरळ सांगायचं तर कार्ड नको असलेलं ऑफिस, क्लास, आईवडिलांचं घर यांना ऑनसाइट वॉरंटीचा टॉवर. गेम, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, किंवा दोन वर्षांनी काहीतरी वाढवायचा किडा असेल तर असेंबल्ड. मधला पर्याय म्हणजे ऑनलाइन दुकानांची तयार गेमिंग मशीनं. ती सहसा बाजारातल्याच भागांची असतात, तेव्हा वरची कोटेशनची चाळणी त्यांनाही लावा. बोर्ड आणि एसएमपीएसचं मॉडेल पानावर दिलेलं नसेल तर पान बंद करा.

ऑफिसांतून निघालेले जुने ऑप्टिप्लेक्सही भरपूर विकायला आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा माल बाजारात ओतला गेला आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा नंतरची लागते. त्याखालचं मशीन लिनक्ससाठीच घ्या.

कुठलंही घेतलं तरी यूपीएस लागेलच. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॉट, कार्ड नसलेल्या मशीनला तो पुरतो. एक खोच आहे: चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज खेचण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असतं, आणि काही स्वस्त यूपीएस बॅटरीवरून देतात ती विजेची चौकोनी लहर त्याला मानवत नाही. वीज जाताच यूपीएस वाजतो आणि मशीन तरीही बंद पडतं. तेव्हा दुकानातच मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटून बघा.