बजीचा 'स्क्वॉक' रीइश्यू एलपी: नऊ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः तबकडीच्या मधल्या भोकाबद्दल

गेल्या आठवड्यात टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा, बेल्ट गेला म्हणून हे लिहायला वेळ मिळाला, नाहीतर दिवाळीपासून लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं होतं. दिवाळीच्या बोनसमधून बजी या जुन्या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमचा, म्हणजे 'स्क्वॉक'चा रीइश्यू एलपी, नव्यानं काढलेली मोठी तबकडी, मागवला होता. २६४९ रुपये, वर शिपिंगचे १४९. एवढ्यात महिन्याचं दूध येतं हे मला घरात त्याच दिवशी ऐकवण्यात आलं आणि नंतरही अधूनमधून ऐकवलं जातं.

बँड माहीत असेल त्यांनी हा पॅरा सोडा. वेल्समधल्या कार्डिफचे तिघे, बर्क शेली बास आणि आवाज, टोनी बोर्ज गिटार, रे फिलिप्स ड्रम्स. पहिला अल्बम १९७१, हा १९७२, आणि मेटॅलिका या मेटल बँडनं नंतर उचलून वाजवलेलं 'ब्रेडफॅन' ज्यात आहे तो तिसरा १९७३ चा. त्यामुळे होतं काय, मेटॅलिकावाले थेट तिसऱ्यावर उडी मारतात, ब्लॅक सॅबथ या बँडचे चाहते पहिल्याकडे जातात कारण प्रोड्युसर रॉजर बेन, ज्यानं सॅबथचे पहिले तीन अल्बम केले. 'स्क्वॉक'पण त्यानंच केलाय पण त्याच्याकडे कोणी बघत नाही, तिघा भावांतला मधला असतो तसं झालंय त्याचं. मी स्वतः मधला आहे, जाऊ द्या.

कव्हर चित्रकार रॉजर डीनचं आहे, काळं जेट विमान आणि त्याला पुढे पक्ष्याच्या कवटीचं तोंड. बारा इंचात ते जबरदस्त दिसतं, फोनवरच्या चौकोनात काहीच कळत नाही. आईनं विचारलं हे काय, तर म्हटलं बजी, म्हणजे आपण पिंजऱ्यात पाळतो आणि उगाच लव्हबर्ड म्हणतो ना, तो हिरवा-पिवळा पक्षी. ती म्हणाली, "मग याला मारलं कोणी?"

आता रेकॉर्ड. पहिल्या दिवसापासून ए साइडवर मी खूष. 'व्हिस्की रिव्हर' चालू झालं की बास अंगावर येतो, आणि हे मी साध्या बुकशेल्फ स्पीकरवर आणि नाशिकच्या सिडकोतल्या दहा बाय अकराच्या खोलीत बोलतोय. एकच गिटार असल्यामुळे शेलीचा बास नुसता खाली गुरगुरत बसत नाही, तो मधल्या रिकाम्या जागेत शिरतो. साइडच्या शेवटी 'हॉट ॲज अ डॉकर्स आर्मपिट'. गोदीतल्या हमालाच्या काखेइतकं गरम! कार्डिफ हे कोळशाचं बंदर, त्यामुळे तिथल्या माणसाला हे सुचणारच, पण मे महिन्यात अंबडच्या कारखान्याच्या शेडमध्ये सेकंड शिफ्ट केलेल्या कोणालाही हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

बी साइडवर मात्र माझं बिनसलं. 'ड्रगस्टोअर वुमन' ठीक, 'बॉटल्ड' छोटंसं आहे, ऐकता ऐकता संपतं. मग येतं 'यंग इज अ वर्ल्ड', आठ मिनिटांच्या वर, हळू, आणि त्यात मेलोट्रॉन. दिवाळीत एका ग्रुपवर मी लिहिलं होतं की या गाण्यात बँड रस्ता चुकलाय, रिफवाल्यांनी रिफ, म्हणजे गिटारचे तेच तेच दणदणीत तुकडे, वाजवावेत, हे उगाच गंभीर व्हायला गेले आणि वाद्यसुद्धा सुरात ठेवता आलं नाही. ते वाक्य मी इथे मागे घेतो. कसं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मेलोट्रॉन म्हणजे काय, तर प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक एक तुकडा असतो, त्यावर व्हायोलिन, बासरी असले खरे आवाज रेकॉर्ड केलेले, पट्टी दाबली की टेप पळते, आठएक सेकंदांत संपते. यंत्र टेपचं असल्यामुळे सूर थोडा हलतोच, त्याची मजाच ती आहे. म्हणून या गाण्यात सूर झोके घेतोय हे मला पहिल्या दिवशीच ऐकू आलं पण मी ते मेलोट्रॉनच्या नावावर टाकलं आणि गप्प बसलो. तीन महिने! नेहमी बी साइड लावायची, 'बॉटल्ड' संपलं की उठून सुई उचलायची.

जानेवारीत एकदा कंपनीच्या बसमध्ये फोनवर तेच गाणं लागलं आणि सूर सरळ! मेलोट्रॉन हलतोय, पण किंचित, आपला आपला. घरी जसा पाळण्यात बसवल्यासारखा येतो तसा अजिबात नाही. द्वारका सर्कलला बस नेहमीप्रमाणे वीस मिनिटं अडकली होती, तेवढ्यात दोनदा ऐकलं. घरी आलो, जेवलोही नाही, रेकॉर्ड लावली. पुन्हा पाळणा. आणि घड्याळ लावून मोजलं तर झोका बरोबर पावणेदोन-दोन सेकंदांनी येतोय. ३३⅓ च्या स्पीडला एक फेरा १.८ सेकंदांचा. म्हणजे दर फेऱ्याला एक झोका, म्हणजे तबकडीचं मधलं भोक मधे नाही.

पण मी क्वालिटीतला माणूस, दोष कुठला हे ठरवल्याशिवाय रिजेक्शन लिहीत नाही. टर्नटेबलचाही असू शकतो. मग बाबांच्या रेकॉर्ड काढल्या माळ्यावरून, त्यातली भीमसेन जोशींची लावली. तुम्हाला सांगतो, टर्नटेबल तपासायला तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही. एकच सूर सतत चालू, कणभर हलला तरी कान पकडतो. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं, षड्ज जागचा हलला नाही. टर्नटेबल निर्दोष. मग 'स्क्वॉक' पुन्हा लावली आणि या वेळी ऐकलं नाही, नुसतं टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघितलं. त्याच्या टोकाची, सुई बसवलेली हेडशेल डावी-उजवी, डावी-उजवी, नवरात्रात घुमणाऱ्या बाईसारखं. मागे मोजपट्टी उभी करून मोजलं, एकूण हलणं १.४ मिलिमीटर. म्हणजे भोक ०.७ नं सरकलेलं. दुसऱ्या दिवशी टूलरूममध्ये ५० मायक्रॉनसाठी एक अख्खा लॉट मी परत पाठवला आणि मनात म्हटलं, इथे सातशे मायक्रॉन आहेत आणि मी २७९८ रुपये देऊन बसलोय.

मग एवढं बाकीच्या गाण्यांत कसं कळलं नाही? दोन कारणं. एक म्हणजे भोक तेवढंच सरकलेलं असलं तरी सुई जितकी आत तितका सूर जास्त हलतो. बाहेरच्या कडेला त्रिज्या १४५ मिमीच्या आसपास, तिथे अर्धा टक्का फरक. आत ६५ वर आलं की एक टक्क्याच्या वर. आणि 'यंग इज अ वर्ल्ड' बसलंय आतल्या बाजूला. त्याच्याही आत, सगळ्यात शेवटी आहे 'स्ट्रँडेड', पण तो रिफचा दणका, त्यात टक्काभर हललेलं कोणाच्या बापाला कळत नाही. हे दुसरं कारण. लांब धरलेल्या सुरात दोष दिसतो, धुमाकुळात लपतो. आणि ए साइड चांगली का, तर दोन बाजूंचे साचे वेगवेगळे, प्रत्येकाचं सेंटरिंग वेगळं. एका बाजूचा माणूस कामात होता, दुसऱ्या बाजूचा बहुतेक चहाला गेला होता.

विकणाऱ्यांशी जे भांडण झालं ते थोडक्यात सांगतो नाहीतर माझंच बीपी वाढेल. पहिलं उत्तर, रिटर्नची मुदत सात दिवस. बरोबर आहे, चूक माझी, मान्य. पण मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे हो! तर अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा. अनबॉक्सिंगच्या व्हिडिओत भोक सरकलेलं कसं दिसणार? मी चांगला इन्स्पेक्शन रिपोर्ट बनवून पाठवला, स्केच, रीडिंग, हलणाऱ्या टोनआर्मचा व्हिडिओ. त्यावर उत्तर आलं की सर, विनाइलमध्ये असा वॉर्म साउंड असतोच. वॉर्म! मग फोन केला, फोनवरचा मुलगा बिचारा चांगला होता, त्यानं विचारलं, "सर भोक मोठं आहे का छोटं?" त्याला समजावण्यात अकरा मिनिटं गेली, शेवटी तो म्हणाला आमच्याकडे ड्रॉपडाउनमध्ये हे कारणच नाही. ड्रॉपडाउनमध्ये होतं काय तर तुटलेली, चुकीची, आवडली नाही. मी म्हटलं आवडली नाही टाक. तर त्याला मुदत सात दिवस. अखेर २०० रुपयांचं कूपन आलं, किमान खरेदी २०००. ते अजून तसंच पडलंय, वापरणार नाही असं बायकोसमोर म्हणालोय.

मग फेब्रुवारीत जे करायला नको ते केलं. टूलरूममधल्या एका मित्राकडून हातानं फिरवायचा टेपर रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं निमुळतं हत्यार, आणला आणि भोक ७.२ चं जवळजवळ ९ मिमी केलं. आधी लेबलच्या बाहेरचा सगळा भाग क्लिंग फिल्मनं झाकला, एक एक आटा फिरवून थांबायचं, पीव्हीसीचा बारीक काळा भुगा पडतो तो ब्रशनं आणि व्हॅक्युमनं काढायचा. पहिला आटा फिरवताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. भोक मोठं झालं की रेकॉर्ड स्पिंडलवर, म्हणजे मधल्या खुंटीवर, सैल बसते, मग सुई टेकवायची, हेडशेल कुठे जास्तीत जास्त बाहेर जातंय तो बिंदू बघायचा, सुई उचलायची, प्लॅटर, म्हणजे फिरती थाळी, थांबवून रेकॉर्ड बोटानं केसभर ढकलायची, पुन्हा टेकवायची. चार-पाच वेळा केलं की आर्म शांत होतो. बाजू बदलली की पुन्हा सगळं, कारण आता चांगल्या ए साइडलाही हातानंच मधे आणावं लागतं. म्हणजे एक दोष काढताना दुसऱ्या बाजूला मी स्वतः दिला. बायको म्हणते आठ मिनिटांच्या गाण्याला दहा मिनिटांची पूजा मांडतोस.

पण ते गाणं! पहिल्यांदा नीट मधे बसवून लावलं तेव्हा मला कळलं की मी तीन महिने चुकीच्या गाण्याला शिव्या देत होतो. पहिल्या अल्बममध्ये असल्या हळू गोष्टी होत्याच, पण तोंडी लावण्यापुरत्या. 'एव्हरीथिंग इन माय हार्ट' तर मिनिटभरसुद्धा नाही, दोन दणक्यांच्या मधे पाणी प्यायला ठेवल्यासारखं. वर्षभरात त्याच पोरांनी ए साइडवर 'रोलिंग होम अगेन' आणि 'मेक मी हॅपी' अशी दोन पूर्ण साधी गाणी ठेवली, आणि बी साइडवर हे आठ मिनिटांचं, जिथे शेली ओरडत नाही, जवळ येऊन गातो आणि मग गिटार हळूहळू वजन वाढवत नेते. पहिला अल्बम मला अजूनही जास्त धावतो असं वाटतं, जिममध्ये तोच लावीन. पण जोर कुठे लावायचा नाही हे या तिघांना १९७२ मध्ये कळलं होतं आणि त्याचा पुरावा नेमका त्या जागी आहे जिथे माझी कॉपी खराब होती. मेलोट्रॉनचा स्वतःचा तो किंचित कंप आता वेगळा ऐकू येतो. आधी माझ्या सातशे मायक्रॉनखाली तो गाडला गेला होता.

शेली २०२२ च्या जानेवारीत गेला, तेव्हा मी त्याचा एकच अल्बम ऐकलेला होता, तोही तिसरा, मेटॅलिकाच्या कृपेनं.

घ्यावा का? घ्या. प्रेसिंग शांत आहे, किटकिट फार नाही, दणका भरपूर. कव्हरची छपाई छान, आतलं पाकीट मात्र साधं कागदी, ते पहिल्याच आठवड्यात शिवणीवर फाटलं, दहा रुपयांची प्लास्टिकची पिशवी बरी. माझ्याच कॉपीला दोष असेल, तुमची सरळ निघेल. पण आली की सातव्या दिवसाच्या आत दोन्ही बाजूंना टोनआर्मकडे बघा, गाणं नंतर ऐका. आर्म झुलत असेल तर ड्रॉपडाउनमध्ये बेधडक "तुटलेली" टाका, प्रामाणिकपणा करायला जाऊ नका, मी केला.

गाण्यांना साडेचार. पॅकिंगला तीन. भोकाला काही देत नाही.

आणि बेल्टचं म्हणाल तर गेल्या आठवड्यात सूर पुन्हा हलायला लागला, मी सवयीनं रेकॉर्डलाच शिव्या घातल्या, तासभर बोटानं ढकलत बसलो, आर्म शांत तरी सूर हलतोच. मग डोक्यात प्रकाश पडला, भीमसेनजी लावले, तर तानपुरासुद्धा डुलतोय. या उन्हाळ्यात बेल्ट सैल झाला होता, प्लॅटर काढताना हातातच तुटला. नवा मेन रोडला एका रिपेअरवाल्याकडे ३५० ला मिळाला. आता रोज सकाळी आधी पाच मिनिटं तानपुरा, तो सरळ असेल तरच बजी. आईला यातलं काही माहीत नाही. काल शेजारच्या काकूंना सांगत होती, पोरगं सुधारलं हो, हल्ली सकाळी उठून भीमसेन लावतं.