एपिटूल्स: किती जनावरांचं रक्त घ्यायचं, याचा हिशेब करून देणारं मोफत संकेतस्थळ

जनावरांच्या आजाराची पाहणी करायची म्हटलं की पहिला प्रश्न नमुन्यांचा येतो, आणि बैठकीत त्याचं उत्तर तयारच असतं: दहा टक्के घ्या. कॉलेजात होते तेव्हापासून हे उत्तर ऐकते आहे. ते चुकीचं आहे. का चुकीचं, हे आकड्यांत दाखवणारं आणि योग्य आकडा काढून देणारं सोयीचं साधन म्हणून मी एपिटूल्सची शिफारस करते. ऑसव्हेट या ऑस्ट्रेलियातल्या पशु-साथरोगशास्त्राच्या सल्लागार संस्थेचं हे संकेतस्थळ. वापरायला पैसे लागत नाहीत.

मी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर-निफाड पट्ट्यात दूध संकलनाशी जोडलेल्या गोठ्यांवर काम करणारी पशुवैद्यक आहे. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, हा माझ्या कामातला मोठा विषय. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाय गाभडते, वार पडत नाही, मालक हातमोजे न घालता वार ओढायला जातो आणि आजार जनावरातून माणसात येतो. त्यामुळे तो किती पसरला आहे हे अंदाजानं सांगितलेलं मला चालत नाही.

आता दहा टक्क्यांचं पाहा. ३० गायींचा गोठा आहे, त्यातल्या ३ बाधित आहेत. दहा टक्क्यांच्या हिशेबानं तुम्ही ३ गायींचं रक्त घेतलं. चाचणी अगदी बिनचूक धरली तरी तिन्ही नमुने निरोगी गायींचेच निघण्याची शक्यता ७२ टक्के आहे. म्हणजे आजार असलेल्या गोठ्याला आपण बहुतेक वेळा ‘स्वच्छ’ म्हणून मोकळे होणार, आणि तिथली गाभण कालवड बाजारात जाणार. उलट, २०,००० गायींच्या टापूत दहा टक्के म्हणजे २,००० नळ्या. तेवढं रक्त काढायला माणसं कुठून आणायची? आणि गरजही नसते.

एपिटूल्सवर प्रमाण काढण्याचं साधं पान उघडा. ते चार गोष्टी विचारतं: अंदाजे किती टक्के जनावरं बाधित असतील, उत्तर किती इकडे-तिकडे झालेलं चालेल, खात्री किती हवी आणि एकूण जनावरं किती. अंदाज १० टक्के, फरक ५ टक्के आणि खात्री ९५ टक्के धरली, तर २०० जनावरांसाठी ८२च्या आसपास नमुने लागतात, २,०००साठी १३० आणि २०,०००साठी १३८. एकूण जनावरं शंभरपट झाली, नमुने दुप्पटही झाले नाहीत. हा आकडा मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते, कारण लोकांचा विश्वास बसत नाही.

खरा खर्च वाढतो तो अचूकता मागितली की. तोच अंदाज ठेवून, एकूण जनावरांच्या संख्येची मर्यादा न धरता, फरक ५ ऐवजी अडीच टक्के करा, आकडा १३९वरून थेट ५५४वर जातो. अचूकता दुप्पट, नमुने चौपट. आणि आजार मुळात २ टक्केच असेल, तर ५ टक्क्यांचा फरक धरण्यात काही अर्थच नाही. तिथे १ टक्का धरावा लागतो आणि नमुने ७५३ होतात. वरिष्ठांकडून निधी मागताना हा छापील हिशेब सोबत जोडला की चर्चा वेगळी होते. ‘एवढे कशाला?’ असं विचारणाऱ्याला ‘साहेब, मग किती चूक चालेल ते तुम्ही सांगा,’ असं विचारता येतं.

मात्र हे पान उघडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती संकेतस्थळ तुमच्यासाठी ठरवत नाही. आजार किती टक्के आहे हे शोधायचं आहे, की आजार आहे की नाही एवढंच? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची गणितं वेगळी आणि एपिटूल्सवर पानंही वेगळी. ‘आहे की नाही’ साठी किमान किती टक्के जनावरांत असेल तर तो सापडायलाच हवा, हे आधी धरायचं. मोठ्या कळपात ५ टक्के धरले तर ५९ नमुने, १० टक्के धरले तर २९, १ टक्का धरला तर २९९. सगळे ९५ टक्के खात्रीचे. लहान कळपात मात्र आकडा कळपाच्या मानानं फार मोठा होतो. वरच्या ३० गायींच्या गोठ्यात १० टक्के धरले तर १९ गायी तपासाव्या लागतात. २० गायी असतील तर १६. अशा वेळी मी मालकाला सांगते, दादा, सगळ्याच तपासून घेऊ.

फ्रीकॅल्क नावाचं जे पान आहे, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते चाचणीच्या उणिवा हिशेबात धरतं. कुठलीही चाचणी सगळे बाधित पकडत नाही आणि एखाद्या निरोगी जनावरालाही बाधित ठरवते. चाचणी १००पैकी ८० बाधितच पकडत असेल आणि निरोगींना मात्र बाधित ठरवत नसेल, तर मघाचे ५९ नमुने ७४ होतात. हे पान नमुन्यांबरोबर किती जनावरं बाधित निघाली तरी कळप निरोगी मानता येईल, ती मर्यादाही देतं. आपल्याकडे एक नमुना बाधित निघाला की घबराट उडते, म्हणून ही मर्यादा आधीच कागदावर असलेली बरी.

प्रमाण काढतानाही हेच लागू. समजा रोझ बेंगाल या ब्रुसेलोसिसच्या रक्तचाचणीत ५ टक्के गायी बाधित दिसल्या. चाचणी ९० टक्के बाधित पकडते आणि ९७ टक्के निरोगींना निरोगी म्हणते असं धरलं, तर खरं प्रमाण २.३ टक्के निघतं. निम्म्याहून कमी! कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एस-१९ ही ब्रुसेलोसिसची लस दिलेली असेल तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा, कारण लसीमुळेही रोझ बेंगाल बाधित दाखवू शकते. लसीची नोंद नसलेला नमुना मी घेतच नाही.

आता जिथे सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ते. साधं पान असं गृहीत धरतं की तुम्ही जिल्ह्यातल्या गायींच्या एका लांबलचक यादीतून सुट्या सुट्या गायी निवडल्या आहेत. प्रत्यक्षात आपण गोठ्यात जातो आणि तिथल्या पाच-दहा गायींचं रक्त घेतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती एका पातेल्यातल्या भाताची. इथे प्रत्येक गोठा म्हणजे वेगळं पातेलं. ब्रुसेलोसिस गोठ्यात शिरला की शेजारच्या गायींनाही होतो, त्यामुळे एकाच गोठ्यातली दहावी गाय नवीन माहिती फारच थोडी देते. यासाठी नमुने वाढवावे लागतात. गोठ्यातल्या गायींचं आपसातलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळ्या सारख्याच) ०.२ धरलं आणि गोठ्यामागे १० गायी घेतल्या, तर आकडा २.८ पट करावा लागतो: १३९चे ३९० नमुने, ३९ गोठ्यांतून. गोठ्यामागे ५च गायी घेतल्या तर १.८ पट: ५१ गोठे आणि २५५ नमुने. नळ्या १३५नं कमी, गोठे १२ जास्त. सिन्नर-निफाडला गोठे जवळजवळ आहेत, तिथे मी दुसरा मार्ग घेते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर, पावसात, एका पाड्यावर पोचायलाच सकाळ जाते. तिथे गोठ्यामागे जास्त जनावरं घेणं परवडतं. हा निर्णय कोणतंही संकेतस्थळ देणार नाही, तो रस्ते माहीत असलेल्या माणसानंच घ्यायचा. साध्या पानावर हा गुणाकार होत नाही, तो हातानं करावा लागतो, आणि ज्याला हे माहीत नाही तो १३९वरच थांबेल. आजार नसल्याची खात्री करणाऱ्या दोन टप्प्यांच्या पाहणीसाठी मात्र तिथे वेगळी सोय आहे.

इगतपुरी-पेठच्या रानात चरणाऱ्या डांगी गायी आणि निफाडच्या गोठ्यातल्या संकरित गायी यांचा एकच आकडाही काढू नये. पाळण्याची पद्धत वेगळी, धोका वेगळा. दोघींचा हिशेब स्वतंत्र मांडावा.

निवड कशी करायची? कानातल्या १२ अंकी बिल्ल्यांमुळे जनावरांची यादी आता मिळू शकते आणि त्यातून यादृच्छिक निवड करून देणारं पानही एपिटूल्सवर आहे. ते जरूर वापरा. नाहीतर नमुने रस्त्याकडेच्या आणि ओळखीच्या गोठ्यांतलेच येतात, आणि मग आकडा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. ‘ताई, माझ्याच गायी का धरल्या?’ असं मालक हमखास विचारतो. संगणकावर चिठ्ठी निघाली, भाऊ, असं सांगून यादी दाखवली की तो दावं धरायला स्वतः उभा राहतो. तरीही काही जण नकार देतात, म्हणून दहा-पंधरा टक्के जादा गोठे यादीत आधीच धरून ठेवावेत.

उणिवा दोन. सगळं इंग्रजीत आहे, त्यामुळे आमच्या पशुधन पर्यवेक्षकांना मला प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहून द्यावा लागतो. आणि इंटरनेट लागतं. पाड्यावर बसून हिशेब करायचा विचार असेल तर तो नाशिकहून निघण्याआधीच उरकावा.

पशुवैद्यकीचे विद्यार्थी, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी, दूध संघांचे डॉक्टर, सगळ्यांनी हे वापरावं. पाचपैकी साडेचार तारे. सुरुवात साध्या पानापासून करा, दुसऱ्या दिवशी फ्रीकॅल्क उघडा, आणि कोणते आकडे भरले ते अहवालात लिहा: अंदाज किती धरला, फरक किती, चाचणी किती पकडते असं मानलं. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यात जाणाऱ्या डॉक्टरला तुमच्या निकालाशी स्वतःचा निकाल ताडून पाहायचा असेल, तर त्याला हीच ओळ लागणार आहे.