घरची वायरिंग काढायला सांगणाऱ्यापासून सांभाळा

घरात वायरचं नेटवर्क आहे आणि आता त्याला वाय-फायची जोड हवी आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझ्याकडून ज्या थापा मारून पैसे उकळले, त्याच थापा ओळखीतल्या आणखी एका घरी जशाच्या तशा मारल्या गेल्याचं कळलं, तेव्हा गप्प बसवेना.

आमच्याकडे एक जुना राउटर होता. त्याला गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिट वेगाचा, स्विच (एका केबलमधून अनेक केबली काढून देणारा डबा) जोडलेला होता आणि स्विचमधून प्रत्येक खोलीत कॅट-५ई प्रकारची नेटवर्क केबल गेलेली होती. कॉम्प्युटर, प्रिंटर, फोटो आणि फाइलींच्या बॅकअपसाठी एक स्टोरेज, सगळं सुरळीत चाललं होतं. राउटरमध्ये वाय-फाय नव्हतं आणि मोबाइल-लॅपटॉपसाठी ते हवं होतं. काम एवढंच.

नेटवर्कची कामं करणारा जो माणूस आला, त्याने स्विच बघितला आणि सांगितलं, "ताई, ही वायरिंग आउटडेटेड आहे. वायर आणि वाय-फाय एका नेटवर्कवर चालत नाहीत. सगळं काढून मेश सिस्टिम टाकावी लागेल."

हे धडधडीत खोटं आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट नावाचं यंत्र करतं ते हेच: केबलमधून आलेला डेटा रेडिओवर पाठवायचा आणि रेडिओवर आलेला केबलमध्ये सोडायचा. स्विचच्या रिकाम्या पोर्टला केबल लावायची, दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट, नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड टाकला की झालं. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग आरामात देते. उलट ज्याच्या घरात भिंतीतून केबल फिरलेली आहे, त्याला उत्तम वाय-फाय मिळवणं सगळ्यात सोपं जातं, कारण प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटला वायरचा आधार मिळतो. नेमकी तीच जमेची बाजू त्याने दोष म्हणून दाखवली.

मग त्याने मेशचे, म्हणजे मिळून घरभर एकच वाय-फाय देणारे, तीन डबे बसवले. मुख्य डबा राउटरजवळ, बाकीचे दोन आतल्या खोल्यांत. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२०० मेगाबिट. हा आकडा कसा बनतो ते समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून, वर ती फुगवून १२०० छापतात. अशा डब्याशी जोडलेला मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्यातही हे आकडे कागदावरचे, प्रत्यक्षात हातात बरंच कमी पडतं. आणि खोक्यावर जे बारीक अक्षरात होतं ते असं, की डब्याच्या मागचे केबलचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे.

"आता याची गरज नाही, भंगारात टाकतो," असं म्हणून तो आमचा चालू स्विच घेऊन गेला. कॉम्प्युटर आणि स्टोरेजच्या वायरी त्याने नव्या डब्याच्या मागे खोचल्या. परिणाम फाइल कॉपी करताना लगेच दिसला. आधी स्टोरेजवर मोठी फाइल टाकली की खिडकीत सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग दिसायचा. आता तो ११ वर अडकला आणि तिथून हलेना. १०० मेगाबिटला ८ ने भागलं की साडेबारा मेगाबाइट येतात, त्यातून नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा केला की हेच उरतं. वाय-फाय घ्यायला गेलो आणि वायरचा वेगही एक दशांशावर आला.

आतल्या खोल्यांतल्या डब्यांची गोष्ट तर चीड आणणारी. सेटिंगच्या पानावर दोघांच्याही नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं: मोड, रिपीटर. म्हणजे मुख्य डब्याचा सिग्नल हवेतून घ्यायचा आणि तोच पुढे फेकायचा. ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ असला की वेग साधारण निम्मा होतो. आणि हा रिपीटर खोचला होता कुठे, तर भिंतीतल्या केबलच्या सॉकेटच्या वीतभर वर. केबल तिथे रिकामी पडलेली आणि डबा हवेत सिग्नल शोधतोय!

प्रिंटर जुन्या राउटरलाच राहिला होता. मोबाइलवरून तो दिसेना, तेव्हा फोनवर उत्तर मिळालं, "प्रिंटर जुना झालाय, वाय-फायवाला घ्या." प्रिंटरला काहीही झालेलं नव्हतं. राउटरकडून आलेली केबल त्याने नव्या डब्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं इंटरनेट जोडायच्या पोर्टमध्ये, लावली होती, त्यामुळे घरात एकात एक अशी दोन नेटवर्क तयार झाली होती. आतल्या नेटवर्कमधून बाहेरचा प्रिंटर आपोआप सापडत नाही. डबा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला आणि प्रिंटर लगेच सापडला. डब्यात तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला न वापरलेला आयपी पत्ता द्यायचा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टला, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या पोर्टला, लावायची. घरात पडून असलेला वाय-फायचा जुना राउटरही असा वापरता येतो.

राउटरपासून मुख्य डब्यापर्यंत त्याने नवी "कॅट-६" केबल ओढली होती आणि तिचे पैसे वेगळे लावले होते. उरलेल्या तुकड्यातली एक तार ब्लेडने खरवडली, तर तांब्याच्या रंगाखाली चंदेरी निघाली. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. कॅट-६च्या मानकात ती बसतच नाही. ती लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणारं उपकरण जोडलं तर जास्त तापते. केबल घेताना टोक खरवडून बघा, विक्रेत्याला वाईट वाटलं तरी चालेल.

वर "वायरलेस हॅक होतं" म्हणून दरवर्षीचं सुरक्षा शुल्क. वाय-फायला कुलूप लावणारी डब्ल्यूपीए२ ही पद्धत २००४ पासून आहे, डब्ल्यूपीए३ २०१८ पासून, आणि दोन्ही यंत्रातच असतात, त्यांचं वर्गणीशी काही देणंघेणं नाही. शुल्क घेऊन त्याने सुरक्षेचं केलं काय, तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच ठेवला आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, चालू ठेवलं. डब्ल्यूपीएसच्या पिनमधली खोट २०११ मध्येच उघड झाली आहे. आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. ते बंदच ठेवा.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने बिल पुढे केलं. त्यावर एकच ओळ, "नेटवर्क अपग्रेड", आणि एकत्र रक्कम. कोणत्या डब्याचे किती, केबलचे किती, मॉडेल कोणतं, काहीच नाही. त्यामुळे कशावरच बोट ठेवता येईना. स्विचही परत आला नाही. म्हणून बिलावर प्रत्येक वस्तूचं मॉडेल, पोर्टचा वेग आणि केबलचा प्रकार लिहून घ्या. काढलेली कोणतीही वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. काम सुरू होण्याआधी एक मोठी फाइल वायरवरून कॉपी करून वेग टिपून ठेवा आणि तीच फाइल त्याच्यासमोर पुन्हा कॉपी करा, मगच पैसे द्या.

आणि मेशचं अ‍ॅप कुणाच्या ईमेलवर नोंदलं आहे ते जरूर बघा. आमचं त्याच्या ईमेलवर होतं, म्हणजे त्याला त्याच्या घरी बसून आमचा पासवर्ड बदलता आला असता. रीसेटचं बटण दाबून धरलं आणि सगळं स्वतःच्या नावावर नव्याने नोंदवलं. काही कंपन्यांच्या यंत्रांना मात्र नुसतं रीसेट पुरत नाही, आधीच्या खात्यातून ते काढावं लागतं. तसं असेल तर तो माणूस घरात असतानाच हे करून घ्या.