कॉलेजातलं एनएसएसचं नवं पथक : नाव द्यावं का?

पहिल्या वर्षाच्या पोरी सध्या मला ग्रंथालयाच्या ओट्यावर गाठतात आणि एकच विचारतात, "ताई, एनएसएसमध्ये नाव देऊ का?" दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी बी. ए. तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं महिला महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजेच एनएसएसचं, पथक तिथे गेल्या वर्षीच पहिल्यांदा सुरू झालं. पहिल्या यादीत माझं नाव होतं. त्यामुळे नव्या पथकात शिरायचं म्हणजे काय, हे मी अंगावर घेऊन पाहिलं आहे.

योजना तशी जुनी. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. एका पथकात साधारण 100 जणी. वर्षाला 120 तास काम, दोन वर्षांत 240, आणि त्या दोन वर्षांत एक सात दिवसांचं निवासी शिबिर. एवढं केलं की प्रमाणपत्र. 120 तास ऐकून छातीत धस्स होतं, पण दहा महिन्यांवर पसरले तर आठवड्याला तीन तास पडतात. त्यातलेही वीसेक तास माहिती आणि प्रशिक्षणाचे असतात.

आमच्याकडे जुलैत सूचनाफलकावर कागद लागला. पहिल्या बैठकीला वर्ग भरला होता. तीन आठवड्यांनी वहीत नावं उरली 43.

मी लगेच नाव दिलं नव्हतं, हे आधी सांगते. माझी चुलत बहीण दुसऱ्या गावच्या कॉलेजात आहे. तिथलं पथक कैक वर्षांचं. त्यांच्याकडे बॅनर आहे, ढोलकी आहे, माइक आहे, पथनाट्याच्या संहिता लिहून ठेवलेल्या आहेत, आणि कुठे काय करायचं ते सांगणाऱ्या सीनियर मुली आहेत. आमच्याकडे होतं एक रजिस्टर, एक कुलूप न लागणारं कपाट, आणि गृहअर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, ज्या स्वतः पहिल्यांदाच कार्यक्रम अधिकारी झाल्या होत्या. विचारायचं कोणाला? चुकलं तर सावरून घेणार कोण? तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलींचं बरं. मी रोज एसटीने 19 किलोमीटरवरून येते. आमच्या गावची सकाळची गाडी रविवारी येत नाही, आणि पथकाचं काम बरेचदा रविवारीच.

पण त्याच बहिणीने एक गोष्ट सांगितली आणि माझं मन फिरलं. त्यांच्याकडे मार्चमध्ये एका दुपारी सगळ्या मुलींना बसवून वर्षभराच्या डायऱ्या भरून घेतल्या. वृक्षारोपण अमुक तास, स्वच्छता अमुक तास, सगळ्यांच्या डायरीत एकच मजकूर. तिने ऑगस्टपासून खरोखर काम केलं होतं, आणि कधीच न आलेल्या मुलीचे तासही तिच्याएवढेच भरले. ती फार हिरमुसली होती. मी विचार केला, जुन्या पथकाकडे सगळं तयार मिळतं, त्यात ही सवयही तयार मिळते. आमच्या कपाटात काहीच नाही, म्हणजे चुकीचंही काही नाही. तिथे काय ठेवायचं ते पहिल्या 43 जणी ठरवणार होत्या. मला त्यांच्यात असायचं होतं.

ठरवलंही. दुसऱ्याच बैठकीत टी-शर्टचा विषय निघाला. 250 रुपये, सगळ्यांनी घ्यायचा. माझ्या बाकावरची मुलगी तेव्हा काही बोलली नाही, पण पुढच्या बैठकीला आली नाही. तिच्या घरी जाऊन विचारलं तर कळलं, पैशांची अडचण. आम्ही सात-आठ जणी मॅडमकडे गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की टी-शर्ट सक्तीचा नाही, बिल्ला पुरे. ती मुलगी परत आली आणि पुढे शिबिरात स्वयंपाकाचा सगळा हिशेब तिनेच सांभाळला. तो बिल्ला मला फार आवडतो. कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे त्यावर, आठ आरे म्हणजे आठ प्रहर. हाक येईल तेव्हा हजर, रात्र असो की दिवस, असा त्याचा अर्थ.

डायरीचंही तसंच. ज्या दिवशी काम त्याच दिवशी नोंद, आणि शेजारच्या मुलीची सही. माझे फेब्रुवारीअखेर 104 तास भरले होते. उरलेले 16 मार्चमध्ये बसस्थानकाजवळच्या वस्तीत शाळा सोडलेल्या मुलींची यादी करताना पूर्ण केले. कोणी फुकट चढवले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत.

आता शिबिराबद्दल. नाव द्यायचं की नाही हे माझ्या मते यावरच ठरवा.

डिसेंबरच्या शेवटी सात दिवस, दत्तक घेतलेल्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. आमच्याकडे हे दिवस कापसाचे. दुसरा-तिसरा वेचा चालू असतो. किलोला 10 रुपये, मी दिवसाला 30 किलो वेचते, म्हणजे सात दिवसांचे 2100 रुपये. माझ्या पुढच्या सत्राचं परीक्षा शुल्क त्यातूनच जाणार होतं. आई म्हणाली, "कोन्या गावात राहशीन? संडासाचं काय? अन् कापूस कोन येचीन?" तिचे तिन्ही प्रश्न खरे होते. बाबा गप्प. शेवटी आजी बोलली, "जाऊ दे वं तिले. मी येचतो तिच्या वाटचा." सत्तरी ओलांडलेली माझी आजी सात दिवस वावरात गेली. त्या शिबिराचं प्रमाणपत्र माझ्या नावाचं असलं तरी मी ते तिच्या पेटीत ठेवलं आहे.

हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या 43 पैकी 31 जणीच शिबिराला येऊ शकल्या. राहिलेल्या बारा जणींपैकी नऊ जणी वेचणीत होत्या. त्या कामचुकार नव्हत्या. शिबिराच्या जेवणाराहण्यासाठी शासनाचं अनुदान असतं, तिथे पैसे लागत नाहीत. पण बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. यंदा आम्ही मॅडमना लेखी विनंती दिली आहे की शिबिर फेब्रुवारीत घ्या, तोवर कापूस आटोपतो. उत्तर अजून आलेलं नाही. फॉर्म भरण्याआधी तुम्हीही तारीख विचारा आणि घरी तेव्हाच बोला. डिसेंबरात अचानक सांगितलं की घरचे नाहीच म्हणतात.

शाळेत संडास दोन होते आणि एकाला पाणी नव्हतं. 31 मुली. पहिल्या सकाळी चार वाजता रांग लागली. पाळी आलेल्या मुलींचे फार हाल झाले, पॅड टाकायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी गावातल्या अंगणवाडीच्या मदतनीस मावशींनी त्यांच्या घरचा संडास उघडून दिला, आणि आम्ही आळीपाळीने हापशीवरून बादल्या भरून ठेवायला लागलो. जागा आधी पाहून यायला हवी होती, ही पथकाची चूक आणि ती मी लपवणार नाही. यंदा पाहणीला जाणाऱ्या चार जणींत मी आहे.

काम होतं शोषखड्ड्यांचं, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांचं. गावातल्या गल्लीत सांडपाणी वाहायचं, डास, चिखल. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधे बाजूंना भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि गिट्टी. पहिला खड्डा आम्ही मापाने खणला, टाकी बसवली, पाणी सोडलं आणि ते तसंच उभं राहिलं. संध्याकाळी पाहिलं, तरी तसंच. एक आजोबा काठी टेकत आले, वाकून माती हातात घेतली आणि म्हणाले, "पोरीहो, हे काळी हाय. पानी पेली का फुगते अन् तोंड मिटून घेते. मुरूम लागेपर्यंत खना." दुसऱ्या दिवशी टाकी काढली, दगड काढले आणि आणखी अडीच फूट खाली गेलो. पिवळसर मुरूम लागला. पाणी सोडलं, तर बघता बघता खाली गेलं. आम्ही आमची टाळी वाजवली, एनएसएसची जी ठरलेल्या तालातली असते, आणि आजोबाही वाजवायला लागले. सात दिवसांत सहा खड्डे झाले. मी एप्रिलमध्ये परत जाऊन पाहिले. पाच चालू आहेत, एकात गाळ भरला होता, तो त्या घरच्या बाईने आमच्यासमोर उपसला.

रात्री बौद्धिक सत्र असायचं. काही वक्ते लांबण लावायचे, ते सोडून देऊ. पण महिला मेळाव्याच्या रात्री गावातल्या बायका बोलायला लागल्या ते मी विसरणार नाही. एकीने सांगितलं, तिची मुलगी दहावीनंतर घरी बसली, कारण पुढच्या शाळेला जायला गाडी नाही. आमच्यातल्या दोघी त्याच रस्त्याने येतात. तिघींनी मिळून एसटीच्या आगारात अर्ज दिला. गाडी अजून सुरू झालेली नाही. ती मुलगी मात्र यंदा आमच्या एका स्वयंसेविकेच्या मावशीकडे राहून अकरावीला आली आहे.

जेवण उत्तम होतं. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-पोळी, आणि दोनदा गावकऱ्यांनी पाठवलेल्या हिरव्या तुरीच्या सोल्यांची भाजी.

काही जणी विचारतात, याचा मार्कांना उपयोग होतो का. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग असे पर्याय आहेत आणि त्यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. आपल्या कॉलेजात त्यातले कोणते आहेत ते कार्यालयात विचारून घ्या. 26 जानेवारीला दिल्लीच्या संचलनात एनएसएसचं पथकही असतं, त्यासाठी निवड शिबिरं होतात. आमच्यातून गेल्या वर्षी कोणी पुढे गेलं नाही. नव्या पथकाला संचलनाचा सराव घेणारं कोणी नव्हतं. तेच तुमचं स्वप्न असेल, तर जुन्या पथकात किंवा एनसीसीत संधी जास्त, हे खरं सांगते.

आणि आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं आहे त्या गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी झाडू हातात घेतला. म्हणून 23 फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, आम्ही ठरवलं की आधी नाली पूर्ण साफ करायची आणि फोटो काढायचाच असेल तर नंतर. त्या दिवशी फोटो राहूनच गेला. अहवालात तो नाही, म्हणून मॅडमना वरून विचारणा झाली. मला अजूनही वाटतं, आम्ही बरोबर केलं.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो संडासाचा आणि तारखेचा. ज्यांना फक्त प्रमाणपत्र हवं आहे त्यांनी थांबावं, कारण आमच्याकडे तास खोटे भरले जात नाहीत आणि मार्चमध्ये वाईट वाटेल. ज्यांच्या घरून रविवारी अजिबात सोडत नाहीत त्यांनी आधी मला भेटावं. आम्ही यंदा शनिवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर कॉलेजजवळच्याच वस्तीत करण्यासारखी कामं वेगळी काढली आहेत, त्यावर तास भरतात. बाकीच्यांनी नाव द्या. यंदा 57 नव्या जागा आहेत आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना पूर्ण दोन वर्षं मिळतात. मला एकच उरलं आहे.

फॉर्म गृहअर्थशास्त्र विभागात मिळतो, फुकट आहे. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स लागते. पालकांची सही आईची चालते, बाबांचीच हवी असं नाही. ही गोष्टही आम्ही गेल्या वर्षी विचारून पक्की करून घेतली. सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी ओट्यावर असते. सोबत आईला आणलं तरी चालेल, तिच्याशी मी बोलेन.