लाल सिलिंडर, होजरील की फायर किट: सोसायटीने आधी काय घ्यावं?

आमच्या मुलुंडच्या सात मजली सोसायटीच्या सभेत तीन कोटेशनं आली होती. एक आग विझवायच्या नव्या लाल सिलिंडरांचं, एक बंद पडलेल्या होजरीलच्या, म्हणजे जिन्यातल्या चाकावरच्या पाण्याच्या पाइपाच्या दुरुस्तीचं आणि तिसरं धुराचे मास्क, कुऱ्हाड, दोर, हेल्मेट अशा 'फायर किट'चं. फंडात पैसे जेमतेम एका कामाचे. बऱ्याच जणांना किट आवडलं होतं, कारण ते डोळ्यांना दिसतं, भिंतीवर लावता येतं. मी विरोधात होतो आणि आजही आहे. अशाच पेचात असलेल्या सोसायट्यांसाठी त्याची कारणं लिहितो.

एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात फायर ब्रिगेडची गाडी आमच्या आवारात प्रात्यक्षिकाला आली होती. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. हा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. त्या दिवशी जवानांनी बंबाची शटरं वर केली आणि आत काय काय असतं ते एकेक दाखवलं. इंजिनावर चालणारा पंप, हजारो लिटरची टाकी, ६३ मिलिमीटर व्यासाचे गुंडाळलेले होज म्हणजे पाइप, वेगवेगळी ब्रँच म्हणजे नोझलं, शिडी, दोर, कुऱ्हाड, लोखंड कापणारं हायड्रॉलिक कटर आणि श्वसनयंत्राचे संच.

किटचा निकाल माझ्यापुरता तिथेच लागला. जवानाच्या पाठीवरच्या बाटलीत हवा असते. सहा लिटरची बाटली ३०० बार दाबाने भरली की साधारण १८०० लिटर हवा होते. मिनिटाला ४० लिटर धरले तर हिशोबाने ४५ मिनिटं, पण धावपळीत ती बरीच आधी संपते. म्हणून हवा कमी झाली की शिट्टी वाजते आणि माणूस बाहेर येतो. किटमधल्या मास्कात नुसता फिल्टर होता. फिल्टर प्राणवायू तयार करत नाही आणि प्रत्येक फिल्टर कार्बन मोनॉक्साइड अडवतोच असं नाही. तो मास्क चढवून कुणी धुराने भरलेल्या जिन्यात शिरलं तर? कुऱ्हाड आणि दोर यांचंही तेच. ते बंबावर येतात आणि ते वापरायला शिकलेली माणसंही बंबावरच येतात. आपण बंब येईपर्यंतच्या काही मिनिटांची तयारी करायची असते.

त्या मिनिटांसाठी खरी निवड सिलिंडर आणि होजरील यांच्यात आहे.

सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर लाकूड, कापड, पेट्रोल आणि विजेची आग, सगळ्यांवर चालतो. पिन काढायची, तीनेक मीटरवर उभं राहायचं आणि पावडर ज्वाळेच्या मुळाशी फिरवायची. पण तो पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, हे विसरू नका. शिवाय पावडर ज्वाळ मारते, गारवा देत नाही. गादी किंवा कागदाचा ढीग आतून धुमसत राहिला तर पुन्हा पेट घेतो. ई-स्कूटरच्या बॅटरीचं तर विशेषच. तिला भरपूर पाणी लागतं, तेही अंतर राखून. चार्जिंगची जागा जिन्यापासून लांब नेणं हा त्यावर कोणत्याही सिलिंडरपेक्षा चांगला उपाय.

मीटर रूम आणि लिफ्टच्या मशीन रूमसाठी मी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर घेईन. महाग आहे, पण मागे पावडरीचा थर राहत नाही. त्याला दाब दाखवणारा काटा नसतो, म्हणून तपासणीत तो वजन करूनच बघायला लावा. आमच्याकडे आधीचा माणूस फक्त स्टिकर बदलून जायचा. वापरताना हॉर्न, म्हणजे गॅस बाहेर सोडणारं भोंग्यासारखं तोंड, हाताने धरू नये, बर्फासारखा चटका बसतो. बंद खोलीत गॅस सोडला तर लगेच बाहेर पडावं. स्वयंपाकघरात कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावं. पाणी चुकूनही टाकू नये.

होजरील म्हणजे जिन्यातला लाल चाकावरचा रबरी पाइप, बहुधा ३० मीटरचा. एकट्या माणसाला पेलतो, पूर्ण उलगडावा लागत नाही आणि टाकीत पाणी आहे तोवर चालतो. घरात पडदे, गादी, फर्निचर पेटलं तर याला तोड नाही. फक्त त्या घराची वीज आधी बंद करायची.

इथेच बहुतेक इमारती फसतात. मीटर रूम पेटली की पहिल्यांदा मेन स्विच पाडतात. होजरीलचा पंप त्याच मेनवर असेल तर ऐन वेळी पाइप कोरडा. आमच्याकडे नेमकं तसंच होतं, आणि बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, मात्र दर जानेवारी-जुलैला बिनबोभाट मिळत होता. तेव्हा दुरुस्तीच्या कोटेशनमध्ये पंपाला स्वतंत्र वीजजोडणी आहे का, हे आधी बघा. नसेल तर नवा पाइप घेण्यात अर्थ नाही. चाचणी सगळ्यात वरच्या मजल्यावर घ्या. पाणी गच्चीच्या टाकीचं असेल तर दाब तिथेच सर्वांत कमी असतो.

जिन्यातल्या लाल पेटीतला ६३ मिलिमीटरचा होज रहिवाशांसाठी नाही. पाणी सुटलं की तो अप्रशिक्षित माणसाला फेकून देतो. तो जवानांसाठी शाबूत ठेवायचा. आमच्या तीन पेट्यांतली पितळी नोझलं चोरीला गेली होती. खाली रस्त्याच्या बाजूला बंबाने इमारतीच्या पाइपात पाणी चढवायचं तोंड असतं. आमच्याकडे त्याच्यापुढे दोन बाइक कायम उभ्या असत.

मुंबईकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे, पण तिचे पाय रोवायला मोकळी जागा लागते आणि साधा बंबही जवळजवळ अडीच मीटर रुंद असतो. पार्किंगच्या रेषा आखताना टेप घेऊन मोजा. याला पैसेही लागत नाहीत.

तर माझा क्रम असा. सिलिंडर मुदतीत असतील तर ते फक्त रिफिल करा आणि उरलेले पैसे होजरील व पंपाच्या जोडणीत घाला. सिलिंडरच नसतील तर आधी मीटर रूमला एक सीओटू, प्रत्येक मजल्यावर एक एबीसी आणि पुढच्या वर्षी होजरील. आम्ही पहिला रस्ता धरला. जूनमध्ये वॉचमनने मेन पाडला, सातव्या मजल्यावरच्या काकूंनी व्हॉल्व्ह फिरवला आणि पाण्याची धार पॅसेजच्या टोकापर्यंत गेली.