साहेब, शेजार की घर? सोलापुरात मनाचं दुखणं दाखवायला जाण्याआधी

आषाढीचा बंदोबस्त संपवून नवरा पंढरपूरहून घरी आला की दोन दिवस आम्ही मिक्सरसुद्धा लावत नाही. इतके दिवस पायांवर उभा राहिलेला माणूस, झोपू दे म्हणून. मागच्या आषाढीनंतर मात्र तो झोपलाच नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. रात्री तीनला उठून गॅलरीत बसायचा, सकाळी पोरावर खेकसायचा. मी स्वतः एका खासगी रुग्णालयात सिस्टर आहे, तरी ‘डॉक्टरांना दाखवू या का’ हे विचारायला मला महिना लागला. त्यावर त्यानं ना फी विचारली ना औषध. विचारलं एवढंच, “कुणाला कळंल?”

तेव्हापासून मी हाच प्रश्न घेऊन फिरले. वॉर्डातल्या मैत्रिणी, दोन आशाताई, १०८ वरचा एक ड्रायव्हर, एसटीतले भाऊजी. प्रत्येकाला लपवायचं होतं, पण वेगवेगळ्या माणसांपासून. पोलिसाला आणि एसटी ड्रायव्हरला साहेबाची भीती: हत्यार काढून घेतील, गाडीवरून उतरवून डेपोत बसवतील. आशाताईला शेजाराची, कारण ज्या गल्लीत ती राहते तिथेच तिला घरोघरी जायचं असतं. माझ्या वॉर्डातल्या एकीला फक्त सासूपासून लपवायचं होतं. म्हणून कुठला पर्याय चांगला हे विचारण्याआधी तुमचं ‘कोणापासून’ ठरवा. पर्याय चार आहेत आणि प्रत्येक जण एकापासून झाकतो, दुसऱ्यापुढे उघडं पाडतो.

फोन सगळ्यात स्वस्त. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत. १८००-८९१-४४१६ हाही तिचाच नंबर. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. भाषा निवडता येते, आणि आपल्या गावाला हे लाखमोलाचं आहे. वॉर्डात रोज बघते, बाहेर फाडफाड मराठी बोलणारी पूर्व भागातली बाई दुखायला लागलं की तेलुगूत कण्हते. तेलुगू, कन्नड, मराठी, तिन्ही तिथे आहेत. साहेबाला कळायचं कारण नाही, शेजाऱ्यालाही नाही.

घरापासून मात्र फोन काही लपवत नाही. पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत कुठे बोलणार? भिंतीपलीकडे शिट्टी मोजता येते कुकरची. शिवाय मोबाईल पोराच्या हातात असतो, कॉलची यादी त्याला तोंडपाठ. माझ्या नवऱ्यानं पहिला फोन कंबर तलावाच्या कडेला, मोटारसायकलवर बसून केला. (तलावाला आता संभाजी तलाव म्हणायचं, पण त्याच्या तोंडून कंबर तलावच येतं.) दुसरी अडचण अशी की पुढच्या वेळी तोच आवाज मिळेल असं धरून चालू नका, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू शकते. बोलायला आडोसाच नसेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा बघा. तिथे प्रशिक्षित मानसतज्ज्ञांना ईमेलही करता येतो. ती चोवीस तासांची नाही, पण रात्रपाळीत डेस्कवर बसून लिहिता येतं, आणि लिहिताना कुणी ऐकत नाही.

दुसरं, सिव्हिल. कागदावर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. तिथे मानसोपचार विभाग आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या नाममात्र खर्चात. दीर्घ काळ औषध चालणार असेल तर खिशाला परवडणारं हेच. गुप्ततेचं काय? रांग असते, नाव मोठ्यानं पुकारलं जातं, आणि निम्मं सोलापूर तिथेच भेटतं. गंमत अशी की गर्दीच तुम्हाला झाकते. केसपेपर हातात घेऊन सिव्हिलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला कुणी ‘कशासाठी’ विचारत नाही. दारावरची पाटी वाचली तरच प्रश्न. आशाताईंना मी हेच सुचवते. त्यांना मानधन मिळतं, पगारी रजा नाही, वैद्यकीय बिल नाही, म्हणजे ऑफिसात कागद जायचाही प्रश्न नाही. सोय नाही म्हणून माग नाही, असला उफराटा फायदा! पण तुम्ही सिव्हिलमध्येच नोकरीला असाल तर तिकडे नका जाऊ. ज्या शिकाऊ डॉक्टरला काल तुम्ही सलाईनवरून झापलं, तोच आज तुमची हिस्टरी लिहून घेईल.

खासगी मानसोपचारतज्ज्ञ हा तिसरा रस्ता, आणि साहेबापासून लपायचं असेल तर माझ्या मते सगळ्यात पक्का. पण एका अटीवर: बिल खात्याकडे मागायचं नाही. सगळा घोळ इथेच होतो. उपचार गुप्त, आणि परताव्यासाठी जोडलेल्या चिठ्ठीवर आजाराचं नाव! माझ्या ओळखीच्या एका बाईंचं रजेसोबतचं डॉक्टरी प्रमाणपत्र त्यांच्या कार्यालयात तीन टेबलं फिरलं, आणि चौथ्या दिवशी डब्याच्या वेळी कुणीतरी त्यांना ‘आता बरं वाटतंय ना’ म्हणून हसून विचारलं. डॉक्टर तोंड उघडत नाहीत, कागद उघडतो. विम्याचंही तसंच. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. पण पॉलिसी नोकरीमार्फत असेल तर दावा कुठल्या वाटेनं जातो ते आधी बघा. पहिल्या तीन-चार भेटी खिशातून करा, एवढंच म्हणेन.

ह्याच कायद्याचं कलम २३ लक्षात ठेवा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि आजाराची, उपचाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क मानतो. अपवाद आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, किंवा तुम्हीच नेमलेला प्रतिनिधी असेल. ‘मी यांचा साहेब आहे’ हा अपवाद त्यात नाही.

काही जण सरळ पुणं गाठतात. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस, रात्री परत. शेजारापासून याहून मोठा पडदा नाही, पण दर खेपेला एक सुट्टी जाते, आणि वारंवारच्या सुट्टीवरच साहेब बोट ठेवतो. पहिली भेट तिकडे आणि पुढचं व्हिडिओवर, असं जमतं. फक्त झोपेच्या नि चिंतेच्या काही गोळ्यांवर कायद्याचं बंधन असतं, त्या फोनवरून लिहून मिळत नाहीत.

चौथा पर्याय खात्यातलाच समुपदेशक किंवा शिबिर. यावर फार लिहित नाही. मोठ्या घटनेनंतर लगेच, सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करायला ते उपयोगी आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले, त्यात लहान मूल होतं. तसल्या ठिकाणाहून परतलेल्या माणसानं एकट्यानं घरी जाऊन जेवायला बसावं, ही अपेक्षाच चूक. पण बायकोशी पटत नाही, दारू वाढलीय, हे सांगायला खात्याच्या छपराखाली बसू नका. समुपदेशक भला असेल. तरी त्याची नोंदवही कुणाच्या कपाटात राहते ते पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर अडखळलं तर हवापाण्याच्या गप्पा मारा आणि उठा.

कुठेही गेलात तरी डॉक्टरला एक गोष्ट लपवू नका: तुमचं काम. एसटीची रात्रीची गाडी चालवता, रुग्णवाहिकेवर आहात, हत्यार बाळगता, सलग तीन रात्री जागता, हे सांगा. काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि पर्यायी औषध किंवा वेळ बदलून देणं डॉक्टरांना जमतं, माहीत असलं तर. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून आमच्या ह्यांनी बंद केल्या होत्या. मनानं सोडायच्या नसतात, हे मी पेशंटला रोज सांगते. घरात सांगायला गेले तर ‘इथं सिस्टर नको होऊ’.

घरच्यांसाठी वेगळं सांगते. तो येत नाही म्हणून तुम्ही थांबू नका. १४४१६ ला बायको, आई, कॉलेजातली पोरगी, कुणीही स्वतःसाठी फोन करू शकतं. मी तो केला. माझ्या नवऱ्याच्या आधी.

आणि जिवावरची वेळ आली, कुणी मरायची भाषा करतंय किंवा काही करून बसलंय, तर हा सगळा हिशेब बाजूला. माणसाला एकटं सोडू नका, १०८ किंवा ११२, नाहीतर रिक्षात घालून जवळचं मोठं रुग्णालय. तिथे पोलिसांना कळवलं जातं, हे खरं. पण तो तणावाखाली होता असं २०१७ चा तोच मानसिक आरोग्य कायदा कलम ११५ नं धरूनच चालतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ सारखं, आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा मानणारं, कलम उरलेलं नाही. ठाण्यात चार लोकांना कळेल. कळू दे.

आमचं काय ठरलं? दोन महिने फोन, मग शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खासगी डॉक्टर, बिलं माझ्या पगारातून. औषधाचं दुकान मात्र आमच्या गल्लीतलं नाही. तिथला पोऱ्या आमच्या मुलाच्या वर्गात होता.